अकराव्या कपाटाचा निकाल

७ फेब्रुवारी

ती. मामास,

नमस्कार. तो राग आवरून केला आहे, तेव्हा आशीर्वाद द्यायची घाई करू नकोस. आधी पत्र वाच.

काल तुमच्या वाचनालयातल्या ग्रंथपालबाईंचं पत्र आलं. लहानपणी सुटीत तुझ्याकडे आले की दिवसभर त्यांच्या टेबलासमोर ठाण मांडून बसायचे, हे त्या विसरलेल्या नाहीत. त्या लिहितात, कपाट क्रमांक अकरा, विज्ञानकथा, पुस्तकं दोनशे चौदा, सगळी मोडीत काढायचा प्रस्ताव आहे. दहा मार्चच्या सभेनं मान डोलावली की अकरा तारखेला गाडी येणार आणि पुस्तकं लगद्याच्या कारखान्यात जाणार. सोबत त्यांनी परीक्षकाच्या अभिप्रायाची नक्कल जोडली आहे. सही पाहायची गरजच पडली नाही. साधं ‘कुचकामी’ न लिहिता असल्या टपोऱ्या अक्षरात ‘अकिंचित्कर’ लिहिणारा माणूस आपल्या घराण्यात एकच आहे.

तुझंच वाक्य तुला वाचून दाखवते. ‘या प्रकारच्या लेखनात लोखंडी रथ, काचेची शिरस्त्राणं, एक अपहृत सुंदरी आणि अकरा स्फोट यांपलीकडे काही आढळत नाही. कपाट अकिंचित्कर. जागा मोकळी करावी.’

मामा, ‘या प्रकारच्या लेखनात’ म्हणजे नेमक्या किती? बाई म्हणतात, एक. दोनशे चौदांपैकी एक पुस्तक नेलंस, चौथ्या दिवशी परत केलंस आणि उरलेल्या दोनशे तेरांना त्याच्याबरोबर फासावर चढवलंस. शाळेत मुलांचे पेपरही असेच तपासतोस का? पहिल्या बाकावरचा नापास, म्हणून वर्ग नापास?

त्या कपाटापाशी उलट्या बादलीवर बसून मी पाच उन्हाळे काढले. आज पाण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते, तिची सुरुवात तिथे झाली. पण ते राहू दे, माझ्या आठवणींसाठी कपाट ठेवा असं मी म्हणत नाही. न वाचता निकाल देऊ नका, एवढंच म्हणते.

आई म्हणाली, “लिहू नकोस, तो ऐकणारा नाही.” म्हणून लिहिलं.

तुझी भाची (सध्या नाइलाजानं),
मिरी


१२ फेब्रुवारी

चि. मिरीस अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद देणं हा माझा अधिकार आहे. घ्यायचे की पाकीट परत पाठवायचं, ते तू ठरव. फोन न करता पत्र लिहिलंस हे उत्तम केलंस. फोनवर भांडण रंगात आलं की तू ‘ठेवते’ म्हणतेस आणि माझी सर्वांत चांगली वाक्यं हवेत राहतात.

तू जन्मलीस तेव्हा एवढीशी, गोल, आणि आवाज असा की तीन घरं सोडून लोक जागे. ‘मिरी’ हे नाव मी ठेवलं. मला दूरदृष्टी नाही असं निदान तू तरी म्हणू नयेस.

आता मुद्दा. वाचनालयात पुस्तकं वाढतात, भिंती वाढत नाहीत. ज्या कपाटाला तीन वर्षांत फारसा हात लागलेला नाही, ते ग्रंथनिवड समितीपुढे येतं. समिती म्हणजे दातांचे डॉक्टर अध्यक्ष, मी, आणि चहासाठी येणारे तिघं सज्जन. पूर्वी एकेका कपाटावर वर्ष वर्ष वाद चालत. बारा वर्षांपूर्वी मी नियम मांडला. परीक्षकानं डोळे मिटून कपाटात हात घालावा, हाताला येईल ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावं आणि त्यावरून कपाटाचा निकाल द्यावा. यात मनमानी नाही. याला स्थालीपुलाकन्याय म्हणतात. पातेल्यातलं एक शीत चेपून पाहिलं की भात शिजला की नाही ते कळतं, सगळी शितं चेपत बसलं तर जेवायला कोणी उरत नाही. शितावरून भाताची परीक्षा हे तुझ्या आजीलाही ठाऊक होतं, आणि तिनं न्यायशास्त्र वाचलेलं नव्हतं. बारा वर्षांत एकोणीस कपाटं आम्ही अशी निकालात काढली. आजवर एकाही वाचकाची तक्रार नाही.

राहिलं ते पुस्तक. मी ते प्रामाणिकपणे वाचलं, आणि त्याबद्दल मला सहानुभूती मिळायला हवी. त्यात एक कप्तान गुरू ग्रहावर उतरतो आणि उतरल्यावर पहिलं काम करतो ते मिशीला पीळ देण्याचं. डोक्यावर काचेचं शिरस्त्राण आहे. मग हात आत कुठून गेला? लेखक यावर मौन पाळतो. पुढे सुंदरीला हिरवे लोक पळवतात. रथ, राक्षस, अपहरण हे सगळं आमच्या संस्कृतात आधीच आहे, आणि ते छंदात बसवलेलं आहे.

हे वेड तुला तुझ्या बाबांकडून आलं असणार. त्यांना जुने रेडिओ खोलून बसायची हौस. आमच्या घरात असलं काही कधी नव्हतं.

मामी म्हणते, पोरीला चिडवू नका. मी कुठे चिडवतो?

तुझा
मामा


१६ फेब्रुवारी

मामा,

नमस्काराची जागा रिकामी ठेवली आहे. पुढचं पत्र बघून भरेन.

तुझा न्याय भातापुरता खरा आहे. पातेलं एक, पाणी एक, खालची आच एक, म्हणून एक शीत बाकीच्यांची साक्ष देऊ शकतं. त्या कपाटातली दोनशे चौदा पुस्तकं एका चुलीवर शिजली आहेत असं तुला कोणी सांगितलं? दाराला पाटी एक आहे म्हणून?

माझं काम तुला माहीत आहे, तरी सांगते. शहराला ज्या तलावातून पाणी जातं, त्याचे नमुने आम्ही घेतो. काठावरून एक बाटली भरून ‘तलाव ठीक’ असं मी लिहिलं, तर संध्याकाळपर्यंत माझी नोकरी जाईल आणि जायलाच हवी. आम्ही सात ठिकाणांहून पाणी घेतो, प्रत्येक ठिकाणी वरचं, मधलं आणि तळाचं. एकाच तलावात तीन तऱ्हेचं पाणी निघतं. आणि तू काठावरचा शेवाळाचा झुबका उचललास आणि तलाव बुजवायला सही केलीस.

‘एकाही वाचकाची तक्रार नाही’ म्हणे. जे पुस्तक लगदा झालं त्याची तक्रार कोण करणार? पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलीला ते तिथे होतं हे कळणार तरी कसं? हे वाक्य वाचून मी परीक्षानळी फोडली. मुद्दाम नाही, पण फोडली.

आता माझी अट. कपाट अकरा, वरून दुसरा कप्पा, डावीकडून सातवं, राखाडी पाठीचं. डोळे उघडे ठेवून घे आणि वाच. नंतरही अकिंचित्कर वाटलं, तर मी गप्प बसेन आणि तुझे आशीर्वाद सगळे साठवून ठेवेन.

आणि बाबांना यात ओढू नकोस. त्यांनी आयुष्यात वर्तमानपत्राशिवाय काही वाचलेलं नाही.

मिरी


२३ फेब्रुवारी

चि. मिरीस,

मी संतापलो आहे. कोणावर ते पुढे येईल.

आधी पुस्तक मिळवण्याची कथा. कपाटाला बाईंनी सुतळी बांधून कागदाची पट्टी चिकटवलेली. म्हणाल्या, “निकाल लागलेल्या कपाटातलं पुस्तक हवं असेल तर लेखी अर्ज लागतो.” मी विचारलं, “कोणाच्या नावे?” म्हणाल्या, “परीक्षकाच्या.” परीक्षक मीच. तेव्हा मी मला अर्ज केला, मी तो विचारपूर्वक मंजूर केला, आणि बाईंनी चेहऱ्यावरची रेघही न हलवता सुतळी सोडली.

पुस्तकात रथ नाही. सबंध पुस्तकात कोणी जमिनीवरून वीतभरही वर जात नाही. उजाड पठारावर एक ठाणं आहे. तिथल्या लोकांच्या पूर्वजांनी तीनशे वर्षांपूर्वी एका ताऱ्याकडे प्रश्न पाठवला. उत्तर यायला तीनशे वर्षं लागणार. मध्यंतरी यंत्रं मोडली, कागद कुजले. उत्तर येईल तेव्हा आपण काय विचारलं होतं हे ठाऊक असावं, म्हणून प्रत्येक पिढी तो प्रश्न पाठ करते आणि पुढच्या पिढीला शिकवते. चौथ्या पिढीतली एक बाई तापात असते. शिकवताना तिची एक ओळ निसटते. कोणाला कळत नाही. शेवटच्या पानावर उत्तर येतं, आणि ते आता पाठ असलेल्या प्रश्नाचं नसतं.

मिरी, हे संपवून मी पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं. मग चिडलो. त्या लेखकाला कोणी सांगितलं नाही का, की पाठांतराचा जो कारखाना आम्ही हजारो वर्षं चालवला त्यात हे होऊ शकत नाही? शब्द सरळ म्हणायचे, मग जोडीजोडीनं, मग उलट, मग उलटसुलट गुंफून. जटापाठ आहे, घनपाठ आहे. एक शब्द ढळला की अख्खी वीण उसवते आणि म्हणणारा जागच्या जागी पकडला जातो. त्या ठाण्यावर एक वैदिक नेऊन बसवला असता तर तीनशे काय, तीन हजार वर्षं प्रश्न टिकला असता. हे सगळं मी लेखकाला लिहायला बसलो. सहा पानं झाली. मग मलपृष्ठ पाहिलं, तर तो केव्हाच वारलेला. हीदेखील मला फसवणूक वाटली.

मामीनं विचारलं, “आवडलं का?” मी म्हटलं, “प्रश्न आवडण्याचा नाही.” ती म्हणाली, “म्हणजे आवडलं.”

पण एकानं काही सिद्ध होत नाही, हे तूच म्हणालीस. पुढचं कोणतं?

मामा


२६ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार. अर्धा.

तिसरा कप्पा, उजवीकडून चौथं. पाचवा कप्पा, अगदी डावीकडचं, पाठ फाटलेलं. त्याच कप्प्यात मधोमध एक पातळसं निळं. मला जागा अजून पाठ आहेत, घनपाठाशिवाय.

पण पुस्तकाला दाद देऊन तू सुटशील असं समजू नकोस. दहा मार्चला बारा दिवस उरले आहेत आणि तुझा अभिप्राय अजून फायलीत आहे. तो मागे घेणार की नाही, यावर तू सबंध पत्रात एक अक्षर लिहिलेलं नाहीस. मेलेल्या लेखकाशी वाद घालणं सोपं असतं. जिवंत डॉक्टरांशी घालणार आहेस का?

मिरी


३ मार्च

चि. मिरीस,

क्रमानं तक्रारी नोंदवतो.

तिसऱ्या कप्प्यातलं. एक सासू मरताना स्वतःचा स्वभाव घराच्या यंत्रणेत भरून ठेवते. आता भिंती सुनेला सांगतात, दूध उतू चाललंय, पडदा उशिरा सरकवलास, भावजय आली तेव्हा तुझा आवाज असा का होता. तीनशे पानं भांड्याकुंड्यांत घडतात. याला विज्ञान म्हणायचं तर आमच्या शेजारी दोन पिढ्या विज्ञान चालू आहे. मी सबंध वेळ सुनेच्या बाजूनं होतो आणि शेवटी लेखिकेनं मला तोंडघशी पाडलं. निषेध.

फाटक्या पाठीचं. एक सरकारी कचेरी, जिथे वाया गेलेला दिवस परत मिळावा म्हणून अर्ज घेतात. सोबत जोडायची कागदपत्रं, दिवस वाया गेल्याचा दाखला, तो वाया घालवणाऱ्याची संमती. मी हे परीक्षेच्या हॉलमध्ये देखरेख करताना वाचत होतो. दहावीच्या साठ मुलांनी मान वर करून आपल्या संस्कृतच्या मास्तरांना एकटंच हसताना पाहिलं. एकोणतीस वर्षांचा दरारा गेला. याची भरपाई कोण देणार?

पातळ निळं. निव्वळ प्रेमकथा. फक्त तिच्या जगातला दिवस दहा तासांचा आणि त्याच्या जगातला चाळीस तासांचा. तो ‘उद्या भेटू’ म्हणतो आणि ती चार दिवस दारात उभी राहते. यावर मी काही लिहिणार नाही.

तू सांगितली नव्हतीस तीही चार घेतली. एक समुद्रतळावरच्या खुनाचं. एक सगळं पुस्तकच मुळी बियाण्यांच्या यादीच्या रूपात, आणि ती यादी मी मामीला दोनदा वाचून दाखवली. एक इतकं रटाळ की कप्तानाची मिशी बरी. आणि एक मला अजून समजलेलं नाही, समजेपर्यंत परत करणार नाही. आठ पुस्तकांत दोन एकमेकांसारखी नाहीत. मग सगळ्यांवर एकच पाटी कोणत्या गाढवानं लावली? बाईंनी जुनी फाइल काढून दाखवली. वर्गीकरण ग्रंथनिवड समितीनं केलेलं, सही माझी.

आता गंभीर गोष्ट. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक चिठ्ठी चिकटवलेली असते, तीवर परत करायची तारीख आणि नेणाऱ्याचा सभासद क्रमांक. या आठांपैकी सातांवर एकच क्रमांक पुन्हा पुन्हा आहे, चारशे बारा. मी सुतळी पुरती सोडून उरलेली पुस्तकं चाळली. एकशे सहा पुस्तकांवर चारशे बारा. काही शिक्के तुझ्या सुट्यांतले, ते कळलं. पण बहुतेक चाळीस वर्षांपूर्वीचे, तुझा जन्म नव्हता तेव्हाचे. मी बाईंना म्हटलं, हा चारशे बारा कोण ते बघा, असा वाचक असेल तर त्यालाच सभेत उभा करू.

बाईंनी नोंदवही माझ्यापुढे फिरवली. चारशे बारा मी आहे.

परीक्षक म्हणून नेलेली सोडली तर मी यातलं एकही पुस्तक नेलेलं नाही. माझं कार्ड कोणीतरी वर्षानुवर्षं वापरलं आहे. तुझे बाबा त्या काळी आपल्या गावात कामाला होते. मला त्यांचाच संशय येतो, आणि ते कबूल करणार असतील तर मी रागावणार नाही असं त्यांना सांग. थोडासा रागावेन.

मामा


६ मार्च

मामा,

हे पत्र मी दोनदा फाडलं. तिसऱ्यांदा आईच म्हणाली, “आता लिही.”

चारशे बारा माझी आई. तुझी अक्का.

तेव्हा वाचनालय एका घराला एकच कार्ड द्यायचं. आजोबांनी ते तुझ्या नावावर काढलं, कारण मुलगा तू. तू शाळेच्या वाचनालयातून संस्कृत नेत होतास, हे कार्ड तुला लागलंच नाही. आईनं ते चालवलं. अकराव्या कपाटातलं पहिलं पुस्तक तिनं सतराव्या वर्षी नेलं आणि लग्न होऊन गाव सोडेपर्यंत थांबली नाही. मला त्या कपाटाशी नेऊन बसवलं ते तिनं. बाबा तर अजूनही विचारतात, ते उडत्या तबकड्यांचं का.

तुला हे ठाऊक नाही, कारण तुला ठाऊक होऊ नये अशी तिनं व्यवस्था केली होती. का, ते आठवतंय का बघ. तू चौदाचा होतास, पाठांतराचं बक्षीस घेऊन आला होतास. घरी पाहुणे जेवायला होते. तिच्या पिशवीत तुला एक पुस्तक सापडलं. तू स्टुलावर चढलास आणि पठणाच्या सुरात, हातवारे करत, त्यातलं पान वाचून दाखवलंस. आजोबांना हसून ठसका लागला. पाहुणे हसले. आजीही हसली. आई वाढत होती. ती म्हणते, ते पान चांगलं होतं, फक्त तू वाचलंस म्हणून हसू आलं.

त्या दिवसापासून तिनं एकही पुस्तक घरात आणलं नाही. शिवणाच्या वर्गात तिच्या यंत्राला खण होता, पुस्तक त्यात राहायचं. तास सुरू व्हायच्या आधी अर्धा तास जायची आणि वाचायची. आणि तू मला लिहितोस, ‘आमच्या घरात असलं काही कधी नव्हतं.’

मला या वाक्याचा जितका राग आला तितका तुझ्या अभिप्रायाचाही आला नव्हता.

तुझी सगळी पत्रं ती वाचते. अर्ज मंजूर केलास तिथे हसली. सासूच्या भिंतीपाशी मात्र हसली नाही, काहीतरी पुटपुटली.

चार दिवस आहेत.

मिरी


१४ मार्च

चि. मिरीस,

तुझं पत्र सातला मिळालं. मी लगेच उत्तर दिलं नाही. मला स्टूल आठवत होतं, पाहुणे आठवत होते, कोणतं पुस्तक ते आठवत नव्हतं. ज्याची थट्टा केली ते आपण वाचलंही नव्हतं, ही माझी पद्धत बारा वर्षांची नसून चाळीस वर्षांची आहे असं ध्यानात आलं.

सभेचा वृत्तांत देतो.

विषय तिसरा, कपाट अकरा. मी उठून म्हटलं, माझा अभिप्राय मला मागे घ्यायचा आहे. डॉक्टरांनी चष्मा वर केला. त्यांच्यापुढे बाईंनी चिठ्ठ्यांचा तक्ता ठेवलेला होता. ते म्हणाले, “गुरुजी, यात तर तुमच्या कार्डावर एकशे सहा पुस्तकं दिसतात. तुम्ही या विषयातले दर्दी निघालात की. आम्हाला पत्ताच नाही.” चहावाले तिघं माझ्याकडे आदरानं पाहू लागले. डॉक्टर म्हणाले, “मग सोपं झालं. जाणकारानं फेरविचार केला, कपाट राहू द्या. पुढचा विषय.”

मिरी, तिथे गप्प बसलो असतो तर कपाट वाचलं असतं, माझा मान वाढला असता आणि चहा गरम मिळाला असता. मी गप्प बसलोही. एका सभासदाचा चमचा कपात तीन वेळा फिरेपर्यंत. मग मला वाटलं, ही एकशे सहा पुस्तकं मी अक्काकडून आणखी एकदा हिसकावून स्टुलावर चढतो आहे.

मी सगळं सांगितलं. कार्ड, खण, स्टूल. हेही सांगितलं की मी जानेवारीअखेरपर्यंत यातलं एकच पुस्तक वाचलं होतं, तेही डोळे मिटून निवडलेलं, आणि आजवरच्या सगळ्या कपाटांचं असंच झालं आहे.

डॉक्टरांनी तक्ता मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाले, “मी दवाखान्यात एक दात बघून बत्तीस उपटत नाही.”

मला राग आला. मी विचारलं, “मग बारा वर्षं या नियमाला तुम्ही हात वर का करत होतात?”

“नियम संस्कृतात होता,” ते म्हणाले. “आम्हाला वाटलं, तपासूनच आला असेल.”

बाईंनी न विचारता एकोणीस कपाटांची यादी वाचली. प्रवासवर्णनं. बागकाम. बुद्धिबळ. आरोग्य. एक कपाट नुसत्या पत्रसंग्रहांचं. प्रत्येक नावाखाली एका पुस्तकाचं नाव आणि खाली एक सही. त्यांतल्या अकरा सह्या माझ्या. बागकामाच्या कपाटातून मी जे एक पुस्तक वाचलं होतं ते कुंपणांबद्दलचं होतं. मिरी, कुंपणांचं पुस्तक कंटाळवाणं निघालं म्हणून मी एका गावाची सगळी झाडं लगद्याला पाठवली. तक्रार आली नाही हे मी तुला अभिमानानं लिहिलं होतं. तू विचारलं होतंस, तक्रार कोण करणार. आता मी करतो आहे. लेखी केली आहे, समितीकडे, समितीविरुद्ध. नियम रद्द झाला. ती कपाटं परत येत नाहीत.

अकराव्याचं असं ठरलं. गाडी आली नाही. पण जागेचा प्रश्न खरा आहे, म्हणून सरसकट ठेवायचंही नाही. ज्यानं ही पुस्तकं खरोखर वाचली आहेत अशा वाचकानं एकेका पुस्तकावर मत द्यावं, त्याप्रमाणे राहील किंवा जाईल. समितीनं अक्काला रीतसर विनंतीपत्र पाठवायचं ठरवलं. एक चहावाले म्हणाले, “त्या सभासद नाहीत.” डॉक्टर म्हणाले, “चाळीस वर्षं आहेत. आपल्या वहीला माहीत नाही एवढंच.”

अक्काला मी वेगळं पत्र लिहिलं आहे. ते लिहायला चार दिवस लागले आणि ते दीड ओळीचं आहे. त्यात काय आहे ते विचारू नकोस.

तुझा
मामा


२५ मार्च

शास्त्रीबुवांस,

आशीर्वाद.

तुझं दीड ओळीचं पत्र मिळालं. एक ओळ पोचली. अर्धी तुला पुरी करता आली नाही, ती मी केली. आता पुन्हा लिहू नकोस, तुला ते शोभत नाही आणि मला वाचवत नाही.

समितीचं पत्रही आलं. ‘आपल्या बहुमोल मार्गदर्शनाची अपेक्षा’ वगैरे. हे वाक्य तुझं दिसतं, पुढच्या वेळी साधं लिही. मत सोबत जोडलं आहे. कार्डावर एकशे सहाच दिसतात, उरलेली मी मिरीच्या सुट्यांत कपाटापाशीच बसून वाचली. दोनशे चौदांपैकी एकशे ब्याऐंशी ठेवा. एकतीस काढून टाका, त्यांची यादी वेगळ्या कागदावर आहे. कप्तानाचं पहिलंच आहे. ते वाईट आहे हे मला सतराव्या वर्षीही कळलं होतं, पण म्हणून मी कपाट बंद केलं नाही, शेजारचं उचललं. त्या यादीतल्या पुस्तकांवर माझा राग तुझ्यापेक्षा जुना आहे. चांगल्या पुस्तकांची जागा अडवून बसली आणि तुझ्यासारख्यांच्या हाताला नेमकी तीच लागतात. एक उरलं ते तू समजेपर्यंत परत करणार नाहीस असं मिरीला लिहिलंस. ते मलाही समजलेलं नाही. आधी तू सांग, मग मी मत देते.

आता तुझं वाचन. सासूच्या भिंतीवर तू जे लिहिलंस ते वाचून मला हसू आलं नाही. सुनेची बाजू घेऊन वाचलंस, कारण त्यात कोणाची तरी बाजू घ्यायला हवी असं तुला वाटलं. एकशे चाळिसावं पान पुन्हा बघ. भिंत रात्रंदिवस बोलते, पण सुनेला ताप येतो त्या आठवड्यात ती एकदाही बोलत नाही. ती बाई मेल्यावर तरी थोडं शिकली. एवढं ठळक लिहिलेलं तुला दिसलं नाही, आणि तू मुलांना अर्थ शिकवतोस. त्या पानाबद्दल भेटल्यावर बोलू. दिवस परत मागण्याच्या कचेरीचं मात्र तू बरोबर वाचलंस. तिथे मीही वर्गात हसले होते, आणि शिवणाच्या बाईंनी माझा काज उसवायला लावला होता.

मे महिन्यात पंधरा दिवस येते. मिरी रजा काढते आहे. गेल्या वीस वर्षांत या प्रकारात काय काय आलं ते तुमच्या वाचनालयानं घेतलेलंच नाही, असं बाई लिहितात. तीन वर्षांत कपाटाला हात लागला नाही म्हणून ओरडता आणि वीस वर्षांत त्यात एक नवं पुस्तक घालत नाही. याचा जाब मी डॉक्टरांना समोर बसून विचारणार आहे. त्यांना सांगून ठेव, दात दाखवायला येत नाहीये.

शेवटचं काम. चारशे बारा हा नंबर माझ्या नावावर करून घे. तू दुसरा काढ. बाई म्हणतात, नव्या वाचकांना सध्या चार हजारांच्या पुढचा मिळतो.

अक्का